जगबुडीला हरकत नाही

जगबुडीवर वाचकाचा आक्षेप कधीच नसतो. शहरं कोसळली, विमानं आकाशातून खाली आली, गल्लीबोळांतून मांत्रिक, पिशाच्चं आणि रात्री लांडगे होणारी माणसं हिंडू लागली, इथपर्यंत तो बिनतक्रार मान डोलावत येतो. चहाचा घोट घेतो, पान उलटतो. मग कुठेतरी नायिका चार पदार्थ रांधून वाट बघत बसते, नायक काही जेवायला येत नाही, आणि वाचक पुस्तक पालथं घालून म्हणतो, “हे मात्र अती झालं.”

हा शोध मला लागला तो आमच्या सोसायटीत घरोघर फिरलेल्या एका मालिकेमुळे. नाशकात अधूनमधून इंग्रजी पुस्तकं किलोवर विकणारं प्रदर्शन भरतं. तिथे माणूस साहित्याकडे बघत नाही, काट्याकडे बघतो. काटा किलोच्या जरा अलीकडे थांबला म्हणून मी ‘मॅजिक बाइट्स’ नावाचं एक पातळसं पुस्तक वर टाकलं. त्याच्याखाली जे वजनदार साहित्य होतं ते आजही आमच्या कपाटात अखंड सौभाग्यवती आहे. हे पातळ पुस्तक मात्र महिन्याभरात तीन मजले फिरून आलं आणि येताना त्याचं कव्हर कुठेतरी ठेवून आलं.

पुस्तकावर नाव इलोना अँड्र्यूज असं असलं, तरी ती एक बाई नव्हे, ते नवरा-बायको आहेत. इलोना मूळची रशियातली, गॉर्डन अमेरिकेच्या लष्करातून बाहेर पडलेला. कॉलेजात इंग्रजी निबंधाच्या वर्गात दोघांची गाठ पडली आणि तिला त्याच्याहून जास्त मार्क मिळाले, हे ते आपल्या परिचयातच सांगून टाकतात. दोघांनी मिळून २००७ ते २०१८ या काळात केट डॅनियल्स या नायिकेवर दहा कादंबऱ्या लिहिल्या. ही माहिती मी समोरच्या जोडप्याला दिली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “मिळून? दहा?” ती म्हणाली. “आम्हाला मिळून वाण्याची यादी करता येत नाही.” मालिकेतल्या अचाट गोष्टींपैकी त्यांना न पटलेली ही पहिली. पुस्तक त्यांनी अजून उघडलेलं नव्हतं.

कथा घडते अमेरिकेतल्या अटलांटा शहरात. जगबुडी झालेली आहे, पण एका दणक्यात नव्हे. जगात जादू परत आलेली आहे आणि ती लाटेसारखी येते-जाते. लाट आली की वीज बंद, मोटारी बंद, बंदुका बंद. मंत्र, शाप आणि तोडगे चालू. लाट ओसरली की मंत्र बंद आणि बल्ब चालू. लाट कधी येणार, किती वेळ राहणार, कुणालाच सांगता येत नाही. अशा शहरात केट तलवार पाठीला लावून भाडोत्री लढवय्याची कामं करते, पोटापुरते पैसे कमावते आणि घरी येऊन स्वतःच्या जखमा धुते.

एवढं सांगितल्यावर आमच्या थोरल्या भाऊजींनी चष्मा काढला. भाऊजी वीज मंडळातून निवृत्त झालेले. पुस्तक अमेरिकेत छापून आलं त्या वर्षी ते इकडे एका तालुक्याच्या गावी भारनियमनाच्या ऐन धुमाळीत खुर्चीवर होते. संतप्त लोकांना शांत करणं, हेच त्यांचं तेव्हाचं विद्युत अभियांत्रिकी. लाइट कधी जाणार आणि कधी येणार हे माहीत नसणं, त्या वेळात सगळं आयुष्य उरकणं, आणि लाइट आल्याबरोबर सगळ्या गावाने एकदम मोटर चालू करणं, हे त्यांच्या दृष्टीने कल्पित साहित्य नव्हतंच मुळी. ते म्हणाले, “यात नवीन काय आहे? आमच्याकडे फक्त मंत्र चालत नव्हते.”

पण पुस्तक त्यांनी नेलं. आणलं तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. पिशाच्चांच्या पानांवर एकही नाही. मेलेल्यांना चालवणाऱ्यांवर नाही, माणसाचा बिबट्या होतो त्यावर नाही. खुणा होत्या त्या लाट ओसरून घरातले दिवे लागतात त्या प्रत्येक जागी. “सगळे एकदम लागले,” ते म्हणाले. “अहो, एवढ्या मोठ्या शहराचा लोड एकदम घेतात का? टप्प्याटप्प्याने घ्यावा लागतो. उपकेंद्रात माणूस हवा. फीडर एकेक करून उचलावा लागतो. नाहीतर पहिल्याच लाटेला ट्रान्सफॉर्मर गेला असता, आणि मग कसली दहा पुस्तकं!”

मी म्हटलं, “भाऊजी, जादू आहे ती.”

“जादू असू दे ना. जादूला माझी ना नाही. पण अख्ख्या पुस्तकात मेन्टेनन्सचा एक माणूस दिसत नाही. लाइट येते ती आणतं कोण?”

मला हा प्रश्न साहित्याच्या इतिहासातला फार मोठा प्रश्न वाटतो. गोष्टींमध्ये राजे असतात, मांत्रिक असतात, खांबावर चढणारा वायरमन नसतो. पण या लेखक जोडप्याच्या बाजूने सांगायचं, तर मालिकेतली खरी गंमत अशाच व्यवस्थांमध्ये आहे. लोक दोन्हींची सोय करून राहतात. भिंतीवर विजेचा दिवा असतो आणि त्याच्या शेजारी जादूवर पेटणारा निळसर कंदील. पेट्रोलची गाडी असते आणि जादूच्या वेळेसाठी पाण्यावर चालणारी दुसरी. ती सुरू करायला बॉनेटपाशी उभं राहून बराच वेळ मंत्र म्हणावे लागतात, आणि सुरू झाली की तिच्या आवाजापुढे बोलणं अशक्य. ज्यांना दोन्ही परवडत नाही ते घोडा ठेवतात. केट तर ऑफिसच्या मॅरिगोल्ड नावाच्या खेचरावरून गावभर हिंडते. हे भाग भाऊजींनी दोनदा वाचले. “इन्व्हर्टर म्हणजे हेच,” त्यांनी प्रमाणपत्र दिलं. “बाई जाणकार आहे.” गॉर्डन लष्करात दळणवळणाच्या कामावर होता असं मी सांगितल्यावर त्यांनी उरलेलं श्रेय त्याला दिलं.

तळमजल्यावरचे अव्वल कारकून (निवृत्त, पण हे पद माणसाला सोडत नाही) तर आनंदाने अक्षरशः फुलले. जग बुडाल्यावरही सरकारी खाती बुडाली नाहीत, ही या कादंबरीने त्यांना दिलेली सर्वांत मोठी भेट. पोलिसांत अलौकिक गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. सैन्यात वेगळी तुकडी आहे. जादूच्या रोगराईसाठी बायोहॅझर्ड नावाचं स्वतंत्र खातं आहे. शिवाय दयाळू सरदारांचा एक संप्रदाय, भाडोत्री लढवय्यांचा गिल्ड. आणि एखादा अक्राळविक्राळ प्राणी रस्त्यात मरून पडला, की तो कुणाच्या हद्दीत पडला यावरून या सगळ्यांची हमरीतुमरी. “हे अगदी खरं आहे,” कारकून गहिवरून म्हणाले. “लेखकाने कचेरी बघितलेली आहे.” आक्षेप एकच. राक्षसी प्राण्याने घर पाडलं तर नुकसानभरपाईचा पंचनामा कोण करतो? “एवढी पानं झाली, तलाठी आलेला नाही.”

सोसायटीच्या अध्यक्षांनी मालिकेतलं एकच पान वाचलं, पण सर्वांत बारकाईने त्यांनीच वाचलं. या कादंबऱ्यांत जादूचं उंच इमारतींशी वैर आहे. जितकी इमारत उंच तितकी ती आधी भुगा होते, म्हणून अटलांटाच्या मध्यभागी नुसते ढिगारे उरलेले आहेत आणि शहाणे लोक बैठ्या घरात राहतात. आता आमची इमारत चार मजली आणि पुनर्विकासाच्या प्रस्तावात ती चौदा मजली. पुनर्विकासाला विरोध असणाऱ्या गटाने त्या पानाची झेरॉक्स काढून हरकतीच्या पत्राला जोडली, असं अध्यक्षांच्या कानावर आलं. त्यांनी सभेत खुलासा केला की सदर मजकूर काल्पनिक असून अटलांटातली सर्वांत उंच इमारत ५५ मजल्यांची आहे, १९९२ साली बांधलेली आहे आणि अद्याप धडधाकट उभी आहे. इतिवृत्तात हा खुलासा घ्यावा की नाही यावर मतदान झालं.

अटलांटाचा विषय निघालाच, तर माझा एक मावसभाऊ तिथे आल्फारेटा या उपनगरात राहतो. त्याला मी मोठ्या उत्साहाने विचारलं, की बाबा, तुझ्या गावावर एवढ्या कादंबऱ्या आहेत, वाचल्यास का? तो म्हणाला, वाचल्या, पण जादू कशाला आणली ते कळलं नाही. जानेवारी २०१४मध्ये अटलांटात जेमतेम दोन-तीन इंच बर्फ पडला. तेवढ्यावर सबंध शहर जागच्या जागी थांबलं. लोक रात्रभर गाड्यांत बसून राहिले, पोरं शाळेतच झोपली, काहींनी गाडी हमरस्त्यावर सोडून चालत घर गाठलं. तीन वर्षांनी, मार्च २०१७मध्ये, गावातून जाणाऱ्या मुख्य महामार्गाच्या पुलाखाली आग लागली आणि पूलच कोसळला. “कुठली लाट, कुठला मांत्रिक? खाली प्लास्टिकच्या नळ्या ठेवल्या होत्या, त्या पेटल्या.” त्याचं म्हणणं असं, की अमेरिकेत जग बुडवायचं ठरलं की आधी आमचाच नंबर लागतो. १८६४मध्ये यादवी युद्धात शहर जाळलं ते खरंखुरं. त्यावर कादंबरी झाली, सिनेमा झाला. चालत्या प्रेतांची ती प्रसिद्ध मालिका २०१०मध्ये सुरू झाली तीही अटलांटातच. शहराच्या बोधचिन्हात राखेतून उठणारा फिनिक्स आहे, आणि लेखकांना वाटतं तो सोय म्हणून ठेवलेला आहे.

त्याने पत्त्यांविषयीही एक शंका काढली. अटलांटात पीचट्री हे नाव असलेले रस्ते डझनावारी आहेत. पीचट्री स्ट्रीट, वेस्ट पीचट्री, पीचट्री रोड, शिवाय त्यांची पोटजात. “केटला पत्ता पहिल्या फटक्यात सापडतो. हे फँटसी आहे, मान्य.”

ही पुलाची गोष्ट मी आमच्या कट्ट्यावर सांगितली, तर तिच्यातली आग सगळ्यांना पटली, कोसळणं पटलं. मग मी म्हटलं की सहा-सात आठवड्यांत नवा पूल बांधून वाहतूक सुरूसुद्धा झाली. कट्टा गप्प झाला. भाऊजींनी हळूच विचारलं, “हे कितव्या पुस्तकात आहे?”

मालिकेतलं तिसरं पुस्तक, २००९ सालचं, आमच्या संस्कृतच्या निवृत्त सरांच्या हाती पडलं. त्यात खलनायक आपले राक्षस आहेत. म्हणजे राक्षसी वृत्तीचे नव्हेत, खरोखरचे राक्षस, रूपं पालटणारे, आणि त्यांचा आकाशात उडणारा महाल, ज्याला विमान असंच म्हटलेलं आहे. सरांची पहिली प्रतिक्रिया कृतकृत्यतेची. “शेवटी सगळ्यांना आपल्याकडेच यावं लागतं.” ही प्रतिक्रिया साधारण दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी ते जिन्यात भेटले ते चिंतेत. पुष्पक मूळचं कुबेराचं, रावणाने ते हिसकावून घेतलं, मग हे विमान यांच्याकडे कसं आलं याचा उलगडा लेखकांनी करायला हवा होता. पण ते एक वेळ सोडा. केट आणि तिची माणसं या राक्षसांना आखाड्यात गाठतात आणि मारतात.

“तलवारीने?” सर म्हणाले.

“हो, तलवारीने. आणि थोडी जादू.”

“त्या राक्षसाला वर कोणता होता?”

“वर बहुतेक नव्हता.”

सर तीन पायऱ्या खाली उतरले, पुन्हा वर आले. “अहो, वर नाही तर तो राक्षस कसला? तप करायचं, ब्रह्मदेवाकडून वर मागायचा, त्यात एक फट ठेवायची आणि त्या फटीतून मरायचं, अशी पद्धत आहे. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. हे नुसतं धडावेगळं डोकं म्हणजे गुंड मारल्यासारखं झालं.” राक्षस अमेरिकेत पोचले याचं त्यांना काही वाटलं नाही, नियमाबाहेर मेले याचं दुःख अजून आहे.

दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक मराठीचे. त्यांनी पुस्तक हातात न घेताच ते वाचल्याचं सांगितलं. अद्भुताची ही सगळी चैन आपण एकोणिसाव्या शतकातच करून चुकलो, १८६१ची हळब्यांची ‘मुक्तामाला’ घ्या, १८६८ची रिसबुडांची ‘मंजुघोषा’ घ्या. रिसबुडांनी तर प्रस्तावनेत तक्रारच केली होती, की आपल्या लोकांच्या आयुष्यात लिहिण्याजोगं काही घडतच नाही, म्हणून आम्हाला अद्भुताकडे वळावं लागतं. प्राध्यापकांचं म्हणणं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी पाण्याच्या टाकीवरून त्यांची आणि अध्यक्षांची जी जुंपली, ती रिसबुडांच्या कानावर गेली असती तर त्यांनी प्रस्तावना मागे घेतली असती.

माझ्या भाच्याला या मालिकेत फक्त पिशाच्चं आवडतात, आणि त्याचं कारण व्यावसायिक आहे. या कादंबऱ्यांतलं पिशाच्च म्हणजे काळा डगला घालून रमणीच्या खिडकीत येणारा उमराव नव्हे. त्याला स्वतःचं डोकंच नसतं. ते नुसतं भुकेलं शरीर. ते चालवतो दुसरा माणूस, दूर एका इमारतीतल्या खोलीत बसून, मनाने. पिशाच्चाच्या डोळ्यांनी बघतो, त्याच्या तोंडाने बोलतो. भाचा रात्रपाळीत बसून डॅलसमधले सर्व्हर सांभाळतो. त्याने पुस्तक वाचून एकच प्रश्न विचारला, “यांना नाइट अलाउन्स मिळतो का?” दिवसा बाहेर काढायच्या पिशाच्चाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून जांभळं किंवा हिरवं सनस्क्रीन फासतात, हे ऐकून मात्र त्याची आई म्हणाली, “बघ, पिशाच्चं लावतात. तुला सांगून सांगून दमले.”

आता काकू. काकू शेजारच्या. त्यांना इंग्रजी वाचायला आवडत नाही, त्यामुळे आमची भाची त्यांना ही मालिका संध्याकाळी भाजी निवडताना तोंडी सांगते. या तोंडी आवृत्तीला मूळ आवृत्तीपेक्षा जास्त श्रोते आहेत. भाची स्वतः अशी वाचक आहे की जिला या मालिकेचं धर्मशास्त्र पाठ आहे. पहिली दोन पुस्तकं सोसा, तिसऱ्यापासून मजा आहे, हा तिचा आणि जगभरच्या तिच्या पंथाचा पहिला नियम. (मला तो रास्त वाटतो. पहिल्या पुस्तकात इतके संप्रदाय, इतकी टोळकी आणि इतकी वैरं काही न सांगता अंगावर येतात, की लग्नाच्या मांडवात नवऱ्याकडच्या सगळ्यांशी एका दमात ओळख करून दिल्यासारखं होतं.) २०१२ साली आलेलं, दुसऱ्याच नायिकेचं पुस्तक पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये वाचायचं, हा दुसरा नियम. तो मोडणाऱ्याशी ती बोलत नाही.

काकूंना जादू, लाटा, ढिगारे यांत काडीचा रस नाही. नायक कोण, हे कळल्यावर त्या सावरून बसल्या. नायकाचं नाव करन. काकू त्याला करण म्हणतात. तो रूप पालटणाऱ्यांच्या कळपाचा राजा, आणि स्वतः सिंह होतो.

“सिंह म्हणजे स्वभावाने?”

“नाही काकू, खरोखरचा. आयाळ वगैरे.”

काकूंनी गवारीची शीर ओढली. “राहतो कुठे?”

“गड आहे त्याचा. शहराबाहेर.”

“स्वतःचा?”

“कळपाचा, पण चालतं त्याचंच.”

“मग स्थळ चांगलं आहे. सिंह होतो ते काय, प्रत्येकाचं काहीतरी असतंच.”

दुसऱ्या पुस्तकात करण जखमी केटला सूप भरवतो. या कळपात एखाद्या मुलीला खाऊ घालणं म्हणजे मागणी घालण्यासारखंच असतं, आणि केटला ते माहीत नसतं. काकूंना मात्र ऐकताक्षणीच कळलं. “पातेलं घरून आणलं होतं की तिथेच केलं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा प्रश्न केला, की मग लग्न कधी.

“नवव्या पुस्तकात.”

“ते कधी आलं?”

“२०१६ साली.”

“आणि पहिलं?”

“२००७.”

काकूंनी विळी बाजूला ठेवली. “नऊ वर्षं फिरवतोय तिला?” कथेत मध्ये एवढा काळ जात नाही, हे भाचीने परोपरीने सांगितलं. काकूंना ते मान्य नाही. वाचणाऱ्याची वर्षं गेली ना, मग ती गेलीच. चौथ्या पुस्तकात तर केट रांधून बसते आणि हा जेवायलाच येत नाही. अटलांटावर रोगराई आणणारी एक प्राचीन मांत्रिकीण त्या पुस्तकात गावभर माणसं मारत हिंडते. तिच्याबद्दल काकू एक अक्षर बोलल्या नाहीत. “एक फोन करता येत नाही?” भाची म्हणाली, लाट आली असेल, फोन बंद असतील. “माणूस पाठवायचा. गडावर माणसं नाहीत? आणि त्या एवढ्या अन्नाचं काय केलं तिने?”

मुलीच्या माहेरची चौकशी फार उशिरा झाली, कारण लेखकांनी ती बरीच पुस्तकं दडवून ठेवली आहे. केटचे वडील हजारो वर्षं जगलेले महामांत्रिक. उंच बुरुज बांधायचा नाद, तोच बायबलमधला निम्रोद. मुलगी पोटात असताना तिला संपवायला निघाले होते, बायकोला तर मारलंच, आणि आता मुलगी मोठी झाल्यावर तिचं शहर हवं आहे. भाचीने हे सांगितल्यावर काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पुढे झुकून दबल्या आवाजात म्हणाल्या, “मुलाकडच्यांना सांगितलंय का हे?”

आमच्या सबंध इमारतीचं एकमत झालेलं पात्र कुठलं असेल, तर डाली नावाची वाघीण. इंडोनेशियन घराण्यातली मुलगी, जाड भिंगाचा चष्मा, रक्त दिसलं की भोवळ, गाड्या भन्नाट वेगाने हाकायची हौस आणि वाघीण असून शाकाहारी. हे ऐकल्यावर कुणीही हसलं नाही. तळमजल्यावरून प्रश्न आला की अंडं चालतं का. काकूंनी विचारलं, कांदा-लसूण? भाची म्हणाली, पुस्तकात याबद्दल काही नाही. हा मालिकेतला मोठाच दोष आहे, यावर सर आणि प्राध्यापक यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. पुढे डालीचं जमतं कळपाच्या सुरक्षाप्रमुखाशी, तो जॅग्वार, अर्थात कट्टर मांसाहारी. सातव्या पुस्तकात करण राजेपद सोडतो, ते या जॅग्वारकडे येतं, आणि बघता बघता शाकाहारी वाघीण सगळ्या हिंस्र पशूंच्या गडाची मालकीण होते. “स्वयंपाकघर वेगळं मागून घे म्हणावं आधीच,” काकू म्हणाल्या. “एकदा आत शिरलीस की मग काही ऐकत नाहीत.”

वाचकांचा हट्ट लेखकांना काय करायला लावील याचा नेम नाही. आर्थर कॉनन डॉइलने १८९३ साली होम्सला धबधब्यात ढकलून सुटकेचा श्वास घेतला आणि १९०३मध्ये त्याला मुकाट्याने ओला-सुका परत आणावा लागला. या जोडप्याच्या वाचकांना करणच्या डोक्यात त्या त्या वेळी काय चाललं होतं हे हवं होतं. तर त्यांनी जुने प्रसंग सिंहाच्या बाजूने पुन्हा लिहून दिले, तेही फुकट. मग आला ह्यू. हा केटच्या वडिलांचा सेनापती, देखणा, निर्दय, ज्याच्या नावाने वाचक बोटं मोडत होते. एका १ एप्रिलला लेखकांनी थट्टेने जाहीर केलं की या ह्यूची प्रेमकथा लिहितो आहोत. वाचकांनी हसायचं सोडून विचारलं, कधी? बोटं मोडणारेच मागे लागले, आणि २०१८मध्ये ‘आयर्न अँड मॅजिक’ हे सबंध पुस्तक खरोखर आलं. भाचीने ते दोनदा वाचलं आहे. “तो आता सुधारला आहे,” असं ती म्हणते, आणि तेव्हा तिच्या आईच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याचा या लेखाशी संबंध नाही.

पण ह्यूचं काकूंना काही सांगितलेलं नाही, आणि त्याला कारण आहे. या मालिकेत आंट बी म्हणून एक बाई आहेत. तरसांच्या कुळाच्या म्होरक्या. बोलायला मिठ्ठास, हातात बिस्किटांची बशी, आणि नजर सतत या मुलाला ती मुलगी कशी शोभेल यावर. वेळ आली तर समोरच्याला फाडतात, पण आधी चौकशी करतात. काकूंना या बाईंमध्ये जग बुडाल्यानंतरही शाबूत राहिलेलं कुणीतरी आपलं भेटलं. “शहाणी आहे हो,” त्या म्हणायच्या, आणि भाजी निवडायच्या आधी “आज आंट बी आहेत ना?” असं विचारून घ्यायच्या. सहाव्या पुस्तकात, २०१३ साली, आंट बी मारल्या जातात, ह्यूच्या माणसांच्या हातून. जगभरच्या वाचकांनी तेव्हा अश्रू ढाळले. भाचीने ते पान वाचलं, डोळे पुसले, आणि काकूंकडे जाऊन सहावं पुस्तक असं काही सांगितलं, की इलोना आणि गॉर्डन दोघांनाही ओळखलं नसतं. त्यात आंट बी सुखरूप राहिल्या, फक्त काही कामासाठी बहिणीकडे गेल्या.

सातव्यात त्या आल्या नाहीत. आठव्यात नाहीत. नवव्यात केटचं लग्न लागलं, तेव्हा काकूंनी पाहुण्यांची यादी तपासली आणि आंट बी कुठे दिसत नाहीत असं विचारलं. भाचीने गुडघेदुखी सांगितली. दहाव्यात केटला मुलगा झालेला आहे, नाव कॉनलन. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मुलगा कुणासारखा आहे ते विचारलं, आणि मग निवडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करता करता म्हणाल्या, “बारशालाही आल्या नाहीत. मानपानाचं काहीतरी राहिलेलं दिसतंय लग्नात.”